बारमागची रिकामी जागा: लाडकं पात्र गेल्यावर सिटकॉमचं काय होतं

इंडियाना राज्यातल्या हॅनोव्हर नावाच्या गावातून आलेला एक पोरगेला तरुण बॉस्टनमधल्या एका बारमध्ये शिरतो आणि कोच कुठे आहेत म्हणून विचारतो. कोच गेले, हे त्याला सांगावं लागतं. त्याचा चेहरा पडतो. कोच त्याचे ‘पेन पल’ होते म्हणे, म्हणजे पत्रमित्र. मग पत्रं लिहायचात का एकमेकांना? नाही, तो म्हणतो, आम्ही एकमेकांना पेनं पाठवायचो.

हा प्रसंग ‘चीअर्स’ या अमेरिकी सिटकॉममधला, सप्टेंबर १९८५ चा. त्याच वर्षी फेब्रुवारीत कोचची, म्हणजे बारमागे उभं राहून दारू देणाऱ्या म्हाताऱ्याची, भूमिका करणारे निकोलस कोलासांटो हृदयविकाराने वारले होते. वय ६१. तीन वर्षं दर आठवड्याला लोकांच्या घरात येणारा तो भाबडा म्हातारा आता दिसणार नव्हता, आणि त्याच्या जागी नवा माणूस आणायचा होता. पेनांचा तो विनोद ऐकताना मला दर वेळी हसू येतं आणि पोटात कालवतंही. त्या एका वाक्यात लेखकांनी तीन कामं केली आहेत. कोच गेले हे त्यांनी लपवलं नाही. हा पोरगा कोचच्याच जातकुळीतला आहे हे दाखवून दिलं. पेनांची देवाणघेवाण म्हणजे मैत्री असं मानणारी दोन माणसं या जगात होती, त्यातलं एक गेलं. आणि बघणाऱ्याला सांगितलं, की इथे पुन्हा हसलं तरी चालेल.

एखादं पात्र मालिका सोडून गेलं की आपण सगळेच म्हणतो, आता पूर्वीची मजा राहिली नाही. ही मजा नेमकी कुठे असते आणि जाताना काय काय घेऊन जाते, हे समजायला ‘चीअर्स’सारखं उदाहरण मला दुसरं सापडलेलं नाही. १९८२ ते १९९३ अशी अकरा वर्षं, २७५ भाग, आणि त्यात दोनदा घराचा खांब निघाला. एकदा मृत्यूने, एकदा नायिकेने स्वतःहून सोडल्यामुळे. घर दोन्ही वेळा उभं राहिलं, पण दोन्ही वेळा वेगळ्या तऱ्हेने.

सिटकॉम म्हणजे सिच्युएशन कॉमेडी, प्रसंगावर उभा असलेला विनोद. नाव जरा फसवं आहे. प्रसंग तर दर आठवड्याला बदलतो; बदलत नाहीत ती माणसं. आपण हसतो ते अमुक माणूस अमुक माणसाशी आता कसा वागणार हे आपल्याला आधीच ठाऊक असतं म्हणून. ‘चीअर्स’च्या पहिल्याच भागात बारमधला फोन वाजतो. कोच तो उचलतात आणि सगळ्या बारला विचारतात, इथे कुणी अर्नी पँटुसो आहे का? सॅम म्हणतो, कोच, ते तुम्हीच. कोच फोनमध्ये म्हणतात, बोलतोय.

कागदावर हा नुसता चुटका आहे. त्यात जीव येतो तो सॅमच्या सुरामुळे. सॅम हसत नाही, वैतागत नाही. चष्मा कपाळावरच आहे हे घरातल्या म्हाताऱ्याला सांगावं, तसं तो सांगतो. सॅम मलोन हा एकेकाळचा बेसबॉल खेळाडू, दारूच्या आहारी गेलेला आणि त्यातून बाहेर आलेला, आता स्वतःच बारचा मालक. कोच हे त्याच्या खेळायच्या दिवसांतले त्याचे प्रशिक्षक. जगासमोर छाती काढून फिरणारा हा देखणा पुरुष एका विसरभोळ्या म्हाताऱ्यासमोर मात्र मुलगा होतो. विनोद कोचचा, पण त्या विनोदाने आपल्याला सॅम कळतो.

आता थोडं गणित करू, म्हणजे पुढचं सोपं जाईल. सुरुवातीला त्या बारमध्ये सहा महत्त्वाची माणसं होती: मालक सॅम, शिकलेली आणि तेवढीच आढ्यतेखोर वेट्रेस डायन, फटकळ वेट्रेस कार्ला, कोच, आणि रोजचे दोन गिऱ्हाईक, नॉर्म आणि क्लिफ. सहा माणसांच्या जोड्या होतात १५. त्यातला एक गेला की माणसं उरतात पाच, जोड्या उरतात १०. म्हणजे माणूस गेला एक षष्ठांश, नाती गेली एक तृतीयांश. नवा माणूस आणला की पाच जोड्या पुन्हा मिळतात, पण त्या कोऱ्या असतात. त्यांच्यामागे तीन वर्षांचे रुसवेफुगवे नसतात, जुन्या चुका नसतात, ‘याला आता राग येणार’ हे बघणाऱ्याच्या मनातलं आधीचं गणित नसतं.

शिवाय उरलेल्या दहा जोड्याही जशाच्या तशा राहत नाहीत. डायनला त्या बारमध्ये मनापासून मान देणारा माणूस म्हणजे कोच. ते नसताना सॅम आणि डायन भांडतात, तेव्हा ते भांडण तेच असूनही मधे ऊब देणारं कुणी नसतं. कुटुंबातलं वडीलधारं माणूस गेल्यावर भावाभावांचं बोलणं बदलतं, तसंच हे.

लेखकांची अडचण याहून मोठी असते. पहिल्या वर्षी पात्र कागदावर लिहिलेलं असतं आणि नट ते वठवतो. तिसऱ्या वर्षापर्यंत हे उलटं झालेलं असतं. नटाचा आवाज, त्याचं थांबणं, कुठल्या शब्दावर त्याची भुवई वर जाते, हे लेखकांच्या कानात बसलेलं असतं आणि ते त्याच्या तोंडासाठी लिहायला लागतात. ‘चीअर्स’ खऱ्या प्रेक्षकांसमोर चित्रित व्हायची, त्यामुळे कुठे हशा आला आणि कुठे पडला हे लगेच कळायचं. असं आठवड्यामागून आठवडे घासून घासून पात्र नटाच्या मापाचं होतं. मग नट गेला की मागे उरतो तो त्याच्या मापाचा कपडा. दुसऱ्याने तो तसाच घातला तर खांद्यावर ओघळतो.

कोचऐवजी वुडी

कोचच्या बाबतीत लेखकांना त्या म्हाताऱ्याची नक्कल करणारा दुसरा म्हातारा आणता आला असता. त्यांनी आणला २४ वर्षांचा वुडी हॅरलसन. त्या पात्राचं नाव वुडी असं आधीच ठरलं होतं आणि त्याच नावाचा नट चाचणीला आला, हा योगायोगच.

बारमधलं काम तेच: सगळं शब्दशः घेणारा, कपट न कळणारा भाबडा माणूस. लेखकांच्या भाषेत बोलायचं तर भाबडेपणाची जागा रिकामी झाली होती आणि ती भरली. वय मात्र उलटं केलं, आणि सगळी करामत तिथे आहे. कोचचा भाबडेपणा उतारवयातला होता. वुडीचा शेतावरून नुकत्याच शहरात आलेल्या पोराचा. कोच विसरत होते. वुडीला मुळात ठाऊकच नव्हतं. त्यामुळे विनोद दिसायला सारखा, पण त्याची दिशा वेगळी. आणि सॅम? तो कोचसमोर मुलगा होता. वुडीसमोर तो थोरला भाऊ झाला, कधी कधी बापच. आतापर्यंत ज्याला कुणीतरी सांभाळून घेत होतं, त्याच्यावर आता कुणालातरी सांभाळायची वेळ आली. कोच गेल्यामुळे सॅम वयाने मोठा झाला, असं मी म्हणेन. ही वाढ कुठल्याही भागात कुणी बोलून दाखवत नाही. ती फक्त त्या दोन जोड्यांच्या फरकात दिसते.

सेटवरच्या माणसांसाठी हे नुसतं लिखाणाचं कोडं नव्हतं. आजार वाढला तसे कोलासांटोंना संवाद लक्षात ठेवणं जड जात होतं. सेटवर जागोजागी ते आपली वाक्यं लिहून ठेवत. एका भागात कोचचा एक मित्र वारतो, आणि तो अजून आपल्यातच असल्यासारखं वाटतं अशा अर्थाचं एक वाक्य कोचच्या तोंडी आहे. ते त्यांनी नट प्रेक्षकांसमोर उतरतात त्या जिन्याजवळच्या लाकडी पट्टीवर लिहिलं होतं. कोलासांटो गेले, वाक्य राहिलं. त्यानंतर दर भागाच्या चित्रीकरणाला जिना उतरताना सगळे नट त्या अक्षरांवर हात ठेवून पुढे जायचे. एका वर्षी सेटला नवा रंग दिला आणि ते वाक्य रंगाखाली गेलं. टेड डॅन्सन, म्हणजे सॅम, यांनी पुढे सांगितलंय की त्या दिवशी मंडळी काम सोडायच्या बेताला आली होती. नुसतं खरडलेलं का असेना, पण ते त्यांच्या माणसाचं होतं.

त्यांची आणखी एक आठवण मात्र टिकली. कोलासांटोंच्या मेकअपच्या खोलीत अपाची लढवय्या जेरोनिमो याचं एक चित्र असायचं. ते आणून बारच्या भिंतीवर टांगलं. प्रेक्षकांना त्याबद्दल काही सांगितलं नाही. ते पुढची आठ वर्षं तिथेच होतं.

डायनची वाटणी

दोन वर्षांनी, मे १९८७ मध्ये, डायन गेली. तिची भूमिका करणाऱ्या शेली लाँग यांचा पाच वर्षांचा करार पूर्ण झाला होता. त्यांना चित्रपट करायचे होते आणि घरच्यांना वेळ द्यायचा होता. हा धक्का वेगळ्या जातीचा होता. कोच सगळ्यांचे लाडके होते, पण मालिकेची गोष्ट कोचची नव्हती. गोष्ट सॅम आणि डायनची होती. कादंबरी लिहिण्याची संधी चालून येते, सॅम तिला जा म्हणतो, ती सहा महिन्यांत परत येते म्हणते, आणि ती दाराबाहेर पडल्यावर सॅम जे पुटपुटतो ते ‘परत ये’ असं नसतं. सुखात राहा, असं असतं. त्याला कळलेलं असतं. आपल्यालाही.

इथे सगळ्यांना वाटलं होतं की आता दुसरी डायन आणणार. शिकलेली, नाक वर करून बोलणारी, सॅमशी भांडणारी आणि त्याच्यावरच भाळणारी. लेखकांनी तसं केलं नाही, म्हणून मालिका जगली असं माझं ठाम मत आहे. त्यांनी आधी बारच विकला. सॅमने डायनला विसरण्यासाठी बार एका कंपनीला विकून बोट घेतली आणि जगप्रवासाला निघाला, बोट बुडाली, परत आला तर बारवर मॅनेजर बसलेली, रिबेका हाव, भूमिका कर्स्टी अ‍ॅली यांची. कालचा मालक आज तिच्यासमोर नोकरी मागतो. नात्याचा पायाच बदलला. पूर्वी सॅम मालक आणि डायन वेट्रेस. आता ती वरची आणि तो हाताखालचा. पूर्वी ती त्याच्यावर भाळली होती आणि ते नाकारत होती. रिबेकाला त्याच्यात रसच नाही, तिला श्रीमंत पुरुष हवाय.

पण खरी गंमत पुढे आहे. रिबेका आधी थंड, कडक, पदाचा तोरा असलेली बाई म्हणून लिहिली होती. काही भागांतच लेखकांच्या लक्षात आलं की अ‍ॅली यांच्या तोंडी कडकपणा जेवढा हसवतो, त्याच्या दसपट हसवतो तो कोसळलेपणा. टापटीप सूट घातलेली बाई ओक्साबोक्शी रडायला लागली, सिगारेट पेटवताना तिचे हात कापायला लागले, की प्रेक्षक लोटपोट. मग पात्राची दिशाच फिरली. रिबेका दर वर्षी आणखी अपयशी, आणखी घाबरट, आणखी प्रेमळ होत गेली. वर मी कपड्याच्या मापाबद्दल म्हटलं ते हेच. या वेळी कपडाच नवा शिवला, आणि बाई घालून फिरायला लागल्यावर पुन्हा उसवून मापाचा केला.

मग डायनचं बाकीचं काम कुणी केलं? तिची वाटणी झाली. तिचा पुस्तकीपणा, मोठाल्या शब्दांची हौस, आपण इथले नाही ही भावना हे सगळं फ्रेझर क्रेनच्या वाट्याला गेलं. फ्रेझर हा मानसोपचारतज्ज्ञ; तिसऱ्या हंगामात डायनचा प्रियकर म्हणून आला होता, थोड्या भागांपुरता. डायन गेल्यावर त्याला बारमध्ये यायचं खरं तर कारण उरलं नव्हतं. तो राहिला, कारण आता जागा होती. त्याला लिलिथ नावाची त्याच्याहून काटेकोर बायको मिळाली, आणि दोघांनी मिळून डायनच्या जागेचा मोठा हिस्सा व्यापला. कार्लाला शब्दांचे बाण मारायला नवीन निशाणं मिळाली. नॉर्म आणि क्लिफ, जे आधी स्टुलावर बसून टिप्पण्या करायचे, त्यांच्यावर अख्खे भाग बेतले जाऊ लागले.

म्हणजे दोघांच्या प्रेमाची मालिका हळूहळू अख्ख्या बारची मालिका झाली. जुने चाहते म्हणतात, सॅम-डायनच्या काळातली धार पुढे राहिली नाही. त्यात तथ्य आहे. तो तणाव पुन्हा कधी आला नाही. पण प्रेमकथेला शेवट लागतो, आणि बारला लागत नाही. पहिल्या वर्षी प्रेक्षकसंख्येच्या यादीत जवळजवळ तळाला असलेली ही मालिका १९९०-९१ च्या मोसमात अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर होती. डायन जाऊन तोवर तीन वर्षं उलटली होती.

उलटा माणूस

‘चीअर्स’च्या आधी दहा वर्षं ‘मॅश’ने हाच प्रश्न वेगळ्या तऱ्हेने सोडवला होता. कोरियन युद्धातलं फिरतं लष्करी रुग्णालय, जखमी सैनिक, आणि वेड लागू नये म्हणून विनोद करणारे डॉक्टर. १९७५ मध्ये तिसऱ्या हंगामाच्या शेवटी दोन प्रमुख नट मालिका सोडून गेले. त्यातले मक्लेन स्टीव्हनसन, म्हणजे गबाळा पण सज्जन कमांडर हेन्री ब्लेक. त्या भागातली जवळपास अख्खी कथा त्याच्या घरी जाण्याच्या आनंदात जाते. मग शेवटी शस्त्रक्रियेच्या खोलीत त्याचा कारकून रडार येतो. तोंडावर मास्क बांधायचंही त्याला भान नाही. हातातला कागद तो वाचतो: हेन्रीचं विमान जपानच्या समुद्रावर पाडलं गेलं, कुणी वाचलं नाही.

नटांना संहितेचं ते शेवटचं पान चित्रीकरणाच्या अगदी आधी दिलं होतं. दृश्य दुसऱ्यांदा घेताना कुणाच्या तरी हातून शस्त्रक्रियेचं एक उपकरण खाली पडलं. तो खणखणाट तसाच ठेवला. त्या मालिकेला वाहिनीच्या आग्रहाने मागून हशा लावलेला असायचा, पण शस्त्रक्रियेच्या खोलीत कधीच नाही, असा निर्मात्यांनी हट्टाने नियम ठेवला होता. म्हणून त्या बातमीनंतर ऐकू येते ती फक्त शांतता, तो धातूचा आवाज, आणि पुन्हा कामाला लागलेले हात. लोकांची संतापाची पत्रं आली. आम्ही हसायला बसलो होतो, असं त्यांचं म्हणणं. युद्धात माणसं मरतात हे दाखवायला लेखकांना याहून प्रामाणिक मार्ग मिळाला नसता, असं मला वाटतं. नट मालिका सोडतोय ही बाहेरची अडचण त्यांनी गोष्टीच्या पोटात घेतली.

नव्या माणसांची निवड करताना ‘मॅश’ने एक साधा नियम पाळला: जागा तीच, स्वभाव उलटा. गबाळ्या हेन्रीच्या जागी आला कर्नल पॉटर, घोडदळात मुरलेला कसलेला सैनिक. बायकांमागे धावणाऱ्या ट्रॅपर जॉनच्या जागी आला बीजे हनिकट, बायकोला रोज पत्र लिहिणारा. आणि १९७७ मध्ये लॅरी लिनव्हिल यांनी पाच वर्षांनंतर रामराम ठोकल्यावर रडतोंड्या, हाताला सर्जरीचं वळण नसलेल्या फ्रँक बर्न्सच्या जागी आला चार्ल्स विंचेस्टर, बॉस्टनच्या श्रीमंत घराण्यातला, संगीताचा दर्दी आणि उत्तम सर्जन.

शेवटची अदलाबदल मला सगळ्यांत शिकवून जाते. फ्रँकवर मालिकेचा नायक, डॉक्टर हॉकाय, विनोद करायचा आणि फ्रँकला उत्तरच सुचायचं नाही. पाच वर्षांनंतर असल्या माणसाला टपल्या मारण्यात दम राहत नाही. मारणाराच लहान दिसायला लागतो. विंचेस्टर दिला तसा फेर उलटला. तो वाक्याला वाक्याने उत्तर देतो, कधी कधी जिंकतो. हॉकायला पहिल्यांदा बरोबरीचा गडी मिळाला, आणि त्यामुळे त्याचेही दोष दिसायला लागले.

ट्रॅपर जॉनला मात्र निरोपही मिळाला नाही. वेन रॉजर्स करारावरून बिनसून दोन हंगामांच्या मधल्या काळातच निघून गेले. पुढच्या हंगामात हॉकाय विमानतळाकडे धावतो आणि दहा मिनिटांनी चुकतो, एवढंच. इतकी वर्षं एका तंबूत राहिलेला मित्र न भेटता गेला ही बोच हॉकायच्या मनात राहते, आणि मालिका ती खरीच बोच म्हणून वापरते. लाडका माणूस न सांगता निघून जाणं हेही आयुष्यात होतंच की.

नट पाचव्या-सातव्या वर्षाच्या सुमारासच का जातात, हा प्रश्न अनेकांना पडतो. अमेरिकेत नटांना सुरुवातीलाच पाच किंवा सात वर्षांच्या करारात बांधून घेतात. तो संपेपर्यंत मालिका गाजलेली असते, नटाला चित्रपटांची बोलावणी येत असतात, आणि नव्या कराराच्या आकड्यांवरून ताणाताणी सुरू होते. लाँग पाच वर्षांनी, लिनव्हिल पाच वर्षांनी, ‘द ऑफिस’मधले स्टीव्ह कॅरेल सात हंगामांनी. तारखा जवळपास आधीच लिहिलेल्या असतात.

आपल्याकडचा तोच प्रश्न

आपल्याकडे गणित निराळं आहे. या अमेरिकी मालिकांचे वर्षाला २२-२५ भाग, मधे उन्हाळ्याची सुट्टी, लेखकांना विचार करायला चार महिने. आपल्याकडे आठवड्याला पाच-सहा भाग, उद्याचा भाग उद्याच जाणार. म्हणून इथे सर्रास घडतं ते म्हणजे पात्र तेच, चेहरा नवा. मराठी रंगभूमीवर याला आपण ‘रिप्लेसमेंट’ म्हणतो आणि नाटकात ते सहज पचतं, कारण नाटक आधी लिहिलेलं असतं आणि ते नटापेक्षा मोठं असतं. मालिकेत पात्र नटाच्या अंगावर वाढलेलं असतं, तरीही लोक स्वीकारतात. ‘भाभीजी घर पर हैं’मध्ये २०१६ साली शिल्पा शिंदे गेल्या आणि अंगूरी भाभी झाल्या शुभांगी अत्रे. अनिता भाभीच्या भूमिकेत सौम्या टंडन यांच्यानंतर आपली नेहा पेंडसे आणि मग विदिशा श्रीवास्तव. हे जमलं, कारण ती पात्रं ठसठशीत रेघेने काढलेली आहेत. ‘सही पकडे हैं’ म्हणताना मान कशी वळते हे पात्राचं आहे. नव्या नटीला धरायला मूठ मिळते.

पण ‘तारक मेहता का उल्टा चश्मा’ने याहून अवघड मार्ग घेतला. २००८ पासून चालू असलेली ही मालिका मुंबईतल्या गोरेगावच्या गोकुलधाम सोसायटीची, म्हणून आपल्यालाही घरची वाटते. तिथले भिडे मास्तर तर आपल्याच शेजारचे. दिशा वकानी २०१७ च्या सप्टेंबरपासून रजेवर गेल्या आणि दयाच्या भूमिकेत नियमित परतल्या नाहीत. त्याच मालिकेत टप्पू, अंजली, सोढी अशा कितीतरी भूमिकांना नवे चेहरे मिळाले. दयाला नाही. ती मेली नाही, घटस्फोट झाला नाही. ती माहेरी, अहमदाबादला आहे. वर्षानुवर्षं.

याचा परिणाम काय झाला ते जेठालालकडे बघून कळतं. पूर्वी तो बाहेर फजिती करून घेऊन घरी यायचा आणि घरी दया असायची: चुकीच्या वेळी गरबा, आईला फोन, भाऊ सुंदरचं कौतुक. प्रत्येक फजितीला दुसरा अंक घरात होता. दया नसल्यावर फजिती चौकातच संपते. घर बापूजी, टप्पू आणि जेठालालपुरतं उरलं, आणि मालिकेचा तोल घरातून सोसायटीच्या अंगणात सरकला. दिलीप जोशी यांचं टायमिंग आजही पक्कं आहे, पण समोरून चेंडू टाकणारी नाही. जागा भरली तर तिला विसरायची वाट मोकळी होते. जागा राखून ठेवली तर बघणारा प्रत्येक भागात तिची वाट बघत बसतो. मला स्वतःला ही वाट बघणं त्रासाचं होतं. आणि तरीही दुसरी दया बघायला मी तयार आहे का, तर नाही.

आणि मधलाच खांब गेला तर? ‘द ऑफिस’ ही एका कार्यालयावर माहितीपट चालू असल्यासारखी चित्रित केलेली मालिका; तिच्यातून २०११ साली मायकल स्कॉट गेला, म्हणजे बॉसच. विमानतळावर तो अंगावरचा माइक काढतो आणि मग सहकारी पॅमला मिठी मारून जे बोलतो ते आपल्याला ऐकूच येत नाही. इतका सुंदर निरोप क्वचित कुणाला मिळतो. त्यानंतरची दोन वर्षं मात्र मालिका चाचपडली आणि प्रेक्षक घटले. माझ्या मते चूक अशी झाली की लेखकांनी बॉसची खुर्ची भरली, मायकलचं काम नाही. मायकलचं काम बॉस असणं नव्हतंच. सगळ्यांनी आपल्यावर प्रेम करावं म्हणून वाट्टेल ते करणारा माणूस, हे त्याचं काम. त्याच्या त्या भुकेला उत्तर म्हणून बाकीचे डझनभर लोक कॅमेऱ्याकडे बघायचे. भूकच नाही म्हटल्यावर त्या नजरांना बघायला काही उरलं नाही.

‘चीअर्स’ तिथपर्यंत गेलीच नाही. टेड डॅन्सन यांनी थांबायचं ठरवलं आणि मालिका थांबली. १५ पैकी पाच जोड्या सॅमच्या होत्या हे खरं, पण उरलेल्या दहाही त्याच्याच छताखाली उभ्या होत्या.

२० मे १९९३ चा शेवटचा भाग. डायन परत येऊन, पुन्हा निघून गेलेली आहे. मंडळी घरी गेलीत. सॅम एकटा बारवर हात फिरवतो. दारावर कुणीतरी टकटक करतं, तो सांगतो की बंद झालंय. मग दिवे मालवत मागच्या बाजूला निघतो, आणि जाता जाता थांबतो. भिंतीवरचं जेरोनिमोचं चित्र किंचित वाकडं झालंय. तो ते सरळ करतो आणि आत जातो.